दुहेरी शिवणीचा तंबू

मी तंबू बोलतोय. दोन माणसांचा, काठ्या-खुंट्यांसकट एक किलो नऊशे ग्रॅम वजनाचा. वजन आधीच सांगून टाकलं, कारण आम्हा तंबूंना नाव-गाव कुणी विचारत नाही, सगळे आधी उचलून बघतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने मला कापलं, दुसरीने शिवलं, तिसरीने प्रत्येक शिवणीवर आतून गरम पट्टी चिकटवली. ही तिसरी फार चोख. शिवण म्हटली की सुईची भोकं आली, आणि भोकातून पाणी येणारच, म्हणून ती पट्टीवरून बोट फिरवून खात्री केल्याशिवाय मला पुढे सोडत नसे. मी चांगल्या हातांखालून गेलोय, एवढंच सांगायचंय.

रंगाने मात्र माझा घात केला. ना धड पिवळा, ना धड तपकिरी. दुकानात आलो आणि दोन वर्षं खालच्या फळीवर पडून राहिलो. माझ्या डावीकडे चार किलोचा एक धिप्पाड तंबू होता. त्यात माणूस उभा राहू शकत असे, त्यामुळे त्याचा तोरा वेगळा. उजवीकडे एक किलोच्याही आतला एक नाजूक साहेब होता. त्याची किंमत ऐकली की गिऱ्हाईक त्याला दोन्ही हातांनी अलगद परत ठेवायचं. मी दोघांच्या मध्ये. वजन बेताचं, किंमत बेताची, रंग असा. लोक मला एका बोटावर उचलायचे, "अरे वा, हलका आहे!" म्हणायचे, आणि मग विचारायचे, "दुसऱ्या रंगात नाही का?" एकदा एका जोडप्याने केवळ फोटोत शोभेल म्हणून लाल तंबू नेला. त्याच्या काठ्या इतक्या लांब होत्या की सायकलच्या हँडलला बांधल्यावर दोन्ही बाजूंनी शिंगं निघाली असती. मी काय बोलणार, मूग गिळून पडून राहिलो.

मग एके दिवशी गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर. मोजपट्टी काढून ठेवायची विसरली असावी असं मला वाटलं, पण ती कामालाच आणली होती.

"सायकलवर न्यायचाय," ती दुकानदाराला म्हणाली. "आम्ही दोघं जाणार. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात सायकल चालवा, चांगलीच आहे, पण ओझं नको."

दुकानदाराने धिप्पाडाकडे बोट दाखवलं. "ताई, एवढ्या किमतीत एवढी जागा कुठे मिळायची नाही."

"जागा काय करू? मला काही बिऱ्हाड थाटायचं नाहीये."

नाजूक साहेबाची किंमत ऐकून तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत कपाळावर सरकवला. मग तिने मला उचललं. पिशवीची लांबी मोजपट्टीने मोजली. "हँडलच्या आत बसेल," ती स्वतःशीच पुटपुटली. कापड दोन बोटांत धरून चोळलं, चेन तीनदा खालीवर केली.

"हा एवढा स्वस्त कसा? काही खोट आहे का?"

"खोट नाही ताई, रंग आहे."

तिने मला तिथेच उभं करायला लावलं. बूट काढले आणि दोन फळ्यांच्या मधल्या वाटेत माझ्या आत सरळ आडवी झाली. आतून तिचा आवाज तेवढा येत होता. "हे माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. पाय भिंतीला लागायला नकोत. बसल्यावर डोकं... नाही, नाही लागत." दोन वर्षांत माझ्या आत आडवं होऊन बघणारं हे पहिलंच माणूस. त्या दिवशी मी तिचा झालो.

तिचं काम रेडीमेड कपडे अल्टर करायचं. पँट उंचीला कमी करायची, सदरा कमरेत घ्यायचा. तीस वर्षं दुसऱ्याच्या शिवणी उसवण्यात गेल्यामुळे रेडीमेडच्या शिवणीवर तिचा जन्मात विश्वास बसला नव्हता. घरात कुणाचाही नवीन कपडा आला की आधी तिच्या मशीनखालून जाई, मगच अंगावर चढे.

तिचा नवरा बसचा ड्रायव्हर होता. होता म्हणायचं, कारण गुडघ्याने त्याला वेळेआधीच घरी बसवलं होतं. नदीकाठचा एकच रस्ता त्याने तीस वर्षं चालवला. ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी जमिनीवर बसायला, रांगायला सांगितलं होतं, पण हा पठ्ठ्या खिडकीजवळच्या खुर्चीतून हलायला तयार नव्हता. सकाळी सायकल पुसायचा, हवा बघायचा, आणि पुन्हा खुर्चीत. माणूस असा रोज थोडाथोडा खुर्चीला चिकटत जाताना बघणं तिला सोसत नव्हतं. ती मला कशासाठी घेऊन आलीय ते मला घरात पाऊल टाकताच कळलं.

"अहो, तुम्हीच म्हणायचात ना, त्या रस्त्यावरून इतक्यांदा गेलो, पण दोन मिनिटांच्या वर कुठे थांबलो नाही म्हणून? आता थांबू. दहा दिवस दुकान बंद ठेवते."

"अगं, या वयात तंबूत झोपायचं? लोक हसतील."

"हसू देत. लोकांच्या पँटी माझ्याकडे आहेत."

तो ओठातल्या ओठात हसला, पण हट्ट सोडला नाही. शेवटी म्हणाला, "एकदा गच्चीवर झोपून बघतो. वरून पाणी मारायचं. अंगाला थेंब जरी लागला तरी हा विषय कायमचा बंद. पुन्हा काढायचा नाही."

"ठरलं," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. पाण्याची मला कसली भीती? त्या तिसऱ्या बाईची पट्टी होती ना.

पण त्याच दुपारी, तो डुलकी काढत असताना, बाईसाहेबांनी मला मशीनवर घेतलं. माझी शिवण न्याहाळली आणि नाक मुरडलं. "एकेरी शिवण! वारा सुटला की टराटरा जाईल." जाड सुई लावली, पक्का दोरा ओवला, आणि माझ्या चारही लांब शिवणींवर, पट्टीसकट, दुसरी शिवण मारली. सरळ रेषेत, एकसारखा टाका, बघत राहावं असं काम. मी मनात ओरडत होतो, अगं बाई, थांब! पण तंबूचं कोण ऐकतं? आणि राग तरी कसा धरायचा? प्रत्येक टाक्याबरोबर ती नवऱ्याची काळजीच शिवत होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता परीक्षा झाली. तो कसाबसा वाकून आत शिरला, कुरकुरत आडवा झाला. तिने नळी लावली आणि आत्मविश्वासाने पाण्याची धार सोडली. पहिलं मिनिट बरं गेलं. मग त्याच्या कपाळावर एक थेंब पडला, मग नाकावर, छातीवर, पोटावर. थेट शिवणीच्या रेषेत, डोक्यापासून पायापर्यंत. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तो बाहेर आला तो निथळत. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता.

"मिटलं," तो म्हणाला आणि खाली खुर्चीकडे निघून गेला. ती हातात वाहती नळी घेऊन गच्चीवर तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

सकाळी ती मला बगलेत मारून तरातरा दुकानात गेली. "हा तुमचा तंबू! चाळणी दिलीत मला चाळणी!"

दुकानदाराने मला उलगडलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि थबकला. "ताई, ही दुसरी शिवण कुणी मारली?"

"मी. का? कच्ची आहे?"

"नाही हो, फार पक्की आहे." त्याने मला उजेडाकडे धरलं. कसं सांगावं याचा विचार करत असावा. "कपड्याला दुसरी शिवण म्हणजे जोर. तंबूला दुसरी शिवण म्हणजे दुप्पट भोकं. तुमची सुई पट्टीतूनही आरपार गेलीय."

ती तिथल्या स्टुलावर बसली. तीस वर्षं जिच्या शिवणीला कुणी नावं ठेवली नाहीत, ती आपल्याच टाक्यांकडे बघत राहिली. दुकानदार भला माणूस. त्याने एक छोटी ट्यूब आणि ब्रश काढून दिला. "शिवणीवर लावायचा डिंक म्हणा. प्रत्येक भोकावर लागला पाहिजे, एकही सुटता कामा नये. एक जण आत, एक जण बाहेर असेल तर बरं."

घरी जाऊन तिने काही लपवलं नाही. खुर्चीसमोर उभी राहिली आणि सांगून टाकलं. "तंबू चांगला होता. मी बिघडवला. दुसरी शिवण मारली म्हणून गळला."

"तू? शिवणीत चुकलीस?" त्याला खरंच वाटेना.

"मला वाटलं, दोन शिवणी मारल्या की तुम्ही सुखरूप राहाल. कशाकशाची भीती वाटते मला, काय सांगू." आणि ती रडायला लागली. या बाईला रडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तोही बहुधा बऱ्याच वर्षांनी ऐकत असावा, कारण तो पुरता गोंधळून गेला. या घरात मोडकं काय ते आपणच, असं पाच महिने त्याने धरलं होतं. आता समोर आणखी एक चुकलेलं, रडवेलं माणूस होतं.

तो खुर्चीच्या टोकाशी सरकून बसला. मग त्याने विचारलं, "किती भोकं असतील?"

"हजारांच्या घरात."

"आण तो डिंक."

गच्चीवर मला उन्हात उभं केलं. आत कुणी जायचं हा प्रश्नच आला नाही. ब्रशचं काम तिच्या हाताचं, म्हणजे आत तोच. त्याने गादीची घडी करून दाराशी ठेवली. आधी चांगला पाय टेकवला, मग दात-ओठ खाऊन दुखरा. आणि रांगत आत आला. व्यायामाच्या बाई पाच महिने जे सांगून थकल्या होत्या, ते माझ्या दारात झालं. तो उताणा पडला आणि वर बघतच राहिला. माझ्या शिवणीवर उन्हाचे बारीक बारीक ठिपके ओळीने चमकत होते.

"अगं, केवढं दिसतंय इथून! हां, लाव. इथे. त्याच्या खाली. अजून खाली. एक सोडलंस, मागे ये, मागे ये!"

"मागे ये काय? बस आहे का मी?"

"बस असतीस तर एव्हाना स्टँडवर लागली असतीस."

दोन दुपारी हे चाललं. एकेक ठिपका विझत गेला. मधेच काम सोडून तो रस्त्याबद्दल बोलायला लागे. कुठल्या वळणाला चढ आहे, कुठल्या थांब्यावर पाणी चांगलं आहे. पहिल्या दुपारी तो "तू जाशील तेव्हा" म्हणत होता. दुसऱ्या दुपारी "आपण जाऊ तेव्हा" म्हणायला लागला. ब्रश क्षणभर थांबला, तेवढंच. 

पुन्हा पाण्याची परीक्षा झाली. या वेळी हट्टाने तीच आत गेली आणि नळी त्याच्या हातात. त्याने मनसोक्त वचपा काढला. आतून आवाज आला, "कोरडी! कोरडी आहे हो मी!" आणि माझा जीव भांड्यात पडला.

निघताना माझे दोन भाग केले. कापड तिच्या मागच्या कॅरिअरवर, काठ्या त्याच्या सायकलच्या दांड्याला. त्याचं ओझं हलकं राहिलं आणि मी मात्र दिवसभर दोघांमध्ये वाटला गेलो. चढावर ते सायकली हातात धरून चालायचे, कुणाला लाज वाटली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका लहानशा थांब्यापाशी आलो. एक बाकडं, एक छप्पर. इथे त्याची बस दोन मिनिटं थांबायची. मागे लाकडाची एक वखार होती. वखारवाल्याने तिच्या मागची मोकळी जागा दाखवली आणि तिथे चक्क एक ओढा निघाला. थांब्यापासून पन्नास पावलांवर.

"हा इथे होता?" तो म्हणाला. "इतकी वर्षं?"

दिवेलागणीला पाऊस आला. चांगला जोराचा. दोघं माझ्या आत बसून वखारवाल्याने दिलेल्या बादलीभर गरम पाण्यात पाय शेकत होती. तिचे डोळे सारखे शिवणीकडे जात होते. तो म्हणाला, "बघू नकोस. मी एकेक भोक पाहिलंय." मग ती बघायची थांबली. तिथेच बसल्या बसल्या दोघांना झोप लागली. सगळं कोरडं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. छाती नाही मला, पण तुम्ही समजून घ्या.

आत्ता सकाळ आहे. पाऊस गेलाय. तिने सवयीने लवकर उठून सामान आवरलं, एक खुंटी उपटली. आजचा टप्पा मोठा आहे, उद्याचा त्याहून मोठा.

तो ओढ्याकडे बघत उभा होता. म्हणाला, "राहू दे ती."

"का? दुखतोय का गुडघा?"

"नाही गं. आज इथेच थांबू."

"इथे? आहे काय इथे?"

"तेच बघायचंय."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खुंटी पुन्हा जमिनीत ठोकली. आता ती दोघं ओढ्याच्या काठाने निघालीत. तो पुढे, ती मागे, कुणालाच घाई नाही. तुम्हीही कधी तंबू घ्यायला गेलात तर रंग बघू नका. बूट काढून आत आडवे होऊन बघा, आणि बरोबर कोण आडवं होणार आहे त्याचा आधी विचार करा. बाकी मला आता अंग वाळवत निवांत पडू द्या. आज मला कुणी पिशवीत कोंबणार नाही.