शेवट पाहिल्याशिवाय शब्द नाही

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. त्याच्या चॅनलचं नाव पारखी, आणि लोकांनी ते त्यालाच चिकटवून टाकलं. एकट्यादुकट्या माणसांनी घरात बसून बनवलेले छोटे छोटे व्हिडिओ गेम, ज्यांची जाहिरात कुणी करत नाही, ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या ढुंकूनही पाहत नाहीत, ते हुडकून काढायचे आणि लोकांना सांगायचे, बाबांनो, हा खेळा. दर आठवड्याला एक. व्हिडिओ संपताना तो कॅमेऱ्यावर बोट रोखायचा आणि म्हणायचा, "शेवट पाहिल्याशिवाय शब्द नाही!" लोकांना हे वाक्य इतकं आवडलं की ते छापलेले चहाचे मग खपायला लागले.

आणि वाक्य खोटं नव्हतं. हाच तर त्यातला हलकटपणा. शेवट तो पाहायचाच. मधलं पाहायचा नाही.

त्याचं असं असतं. गेम बनवणारे त्याच्यासारख्यांना आधी एक वेगळी प्रत पाठवतात. तिच्यात एक जादा बटण असतं. कुठे अडकलात, काही बिघडलं, तर ते दाबा आणि पुढच्या भागात जा. बिचाऱ्यांचा हेतू सरळ असतो. पण सरळ माणसाने दार उघडं ठेवलं म्हणून आत शिरून हात मारणारे असतातच. पारखी पहिला भाग मन लावून खेळायचा. मग बटण, बटण, बटण, आणि थेट शेवट. वर्ष वर्ष खपून केलेलं काम हा गृहस्थ जेवण आणि वामकुक्षीच्या मधल्या वेळात उरकायचा. पहिल्यांदा असं केलं तेव्हा त्याचे कान तापले होते. मग सवय झाली. सवय झाली की लाजसुद्धा शहाणी होते, न बोलवता येत नाही.

त्या आठवड्यात त्याने सांगितलेला गेम एका बाईने एकटीने बनवलेला होता. बसस्टँडवर हरवलेल्या वस्तू जमा करायची एक खिडकी. खिडकीमागे आपण. लोक येतात, काय हरवलं ते सांगतात, आपण फळीवरून हुडकून द्यायचं. छत्र्या, किल्ल्या, एकेकटे हातमोजे. चित्रं साधी, रंग मऊ. एक म्हातारा कवळी शोधत येतो, समोर ठेवलेल्या तिन्ही कवळ्या तोंडात घालून पाहतो आणि चौथी आहे का विचारतो. पारखी त्या म्हाताऱ्यावर मनापासून हसला. मग त्याने बटण दाबायला सुरुवात केली. शेवटी खिडकीवर पडदा ओढला जातो, बाहेर उजाडलेलं असतं, रात्रीची शेवटची बस निघून जाते. सुरेख. झालं काम.

व्हिडिओत तो म्हणाला, "घरात कुणी आजारी असेल, अंथरुणाला खिळलं असेल, त्याच्या हातात डोळे झाकून हा गेम द्या. मन हलकं होतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या पायाला प्लास्टर आहे. तिच्यासाठी मी हाच निवडलाय." आणि बोट रोखलं.

खाली लोकांनी भरभरून लिहिलं. त्यात बऱ्याच जणांनी 'तो चष्मा...' एवढंच लिहून रडकी तोंडं टाकली होती. कसला चष्मा, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने सगळ्यांना एकेक लाल बदाम देऊन टाकला. बदामाला काय लागतं?

मग भाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करणारे. फोनवर चार शब्दांवर पाचवा बोलायचा म्हणजे त्यांना शिक्षा.

"घरी ये जरा."

"काय झालं, भाऊजी? पाय दुखतोय का तिचा?"

"पाय ठीक आहे. त्या तुझ्या खेळापायी चाललंय. ये."

फोन बंद. वाटभर तो बचावाची तयारी करत होता. गेम अवघड वाटला असेल. डोळे दुखले असतील. नाहीतर जेवण टाकून खेळत बसली असेल, आणि भाऊजी वैतागले असतील. सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होतं. जे विचारलं जाणार होतं त्याला सोडून.

इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट कायम बंद, यावर ताई नेहमी म्हणायची, "घरचं गिऱ्हाईक ना मी, फुकटचं!" जिने चढून तो वर आला. ताईच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान: कपडे आत घ्यायचे, सैल करायचे, उसवलेलं शिवायचं. मशीनवर चादर घातलेली. दांडीवर गिऱ्हाइकांच्या पँटी टाचण्या टोचलेल्या अवस्थेत ताटकळत होत्या. खिडकीतून दुपारचं ऊन आलेलं आणि त्या उन्हात, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, ताई.

"या, या, जगाचे पारखी! दार लावून घे. आणि काय रे ढब्बू, चेहरा का असा? मी मेले नाहीये."

घरात तो अजून ढब्बूच होता. "भाऊजींनी फोन असा केला की..."

"त्यांचं काय घेऊन बसलास! त्यांनी आमच्या लग्नाचं आमंत्रणही असंच दिलं असेल. 'लग्न आहे. ये.'" ती हसली. पण डोळे सुजलेले होते. "तो कवळीवाला म्हातारा रे! तिसरी कवळी घालून मेला शिट्टी वाजवतो!"

"आणि चौथी मागतो!" पारखी पटकन म्हणाला. इथपर्यंतची जमीन पायाखालची होती. त्याला हायसं वाटलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. भाऊजी चहा टाकत होते.

ताईने मांडीवरचा टॅब उलटा ठेवला. म्हणाली, "ढब्बू, मला वाटलं नव्हतं रे तुला आठवत असेल."

"काय?"

"नको आता नाटक करू. चष्म्याचं."

चष्मा. रडकी तोंडं. लाल बदाम. पारखीने मान हलवली. ही मान हलवायची सवय धंद्यातली. समोरचा काय म्हणतोय ते कळलं नाही की मान गंभीरपणे हलवायची.

"अगदी तसाच काढलाय रे तिने, कोण बनवणारी आहे ती," ताई स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "जाड भिंगांचा, एवढुसा. मागून दोरी बांधलेली, पळताना पडू नये म्हणून. मी पाहिला आणि हातातून टॅबच सुटला. मुंगूसाचाच की हा!"

मुंगूस. ताईचा मुलगा. एका जागी बसायचा नाही म्हणून मुंगूस. ताप आला आणि तापातच गेला, शाळेत जायला लागला होता नुकता. त्यानंतर या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. ठरवून नव्हे, पण घेतलं नव्हतं. ताईच्या तोंडी कधी ते येऊ लागलंच तर सगळे नातेवाईक घाईघाईने हवापाण्यावर यायचे. सगळ्यात घाई कुणाला असायची? याला. मामाला.

"मी आधी रागावले तुझ्यावर," ताई म्हणाली. "म्हटलं, हा काय चावटपणा! मग पुढे खेळत गेले. ती बाई येते बघ रोज, छत्री मागायला. छत्री घेते, आणि नजर फळीवर. चष्म्यावर. दुसऱ्या दिवशी परत छत्री. तेव्हा कळलं मला. ढब्बूने हे मुद्दाम दिलंय. तोंडाने बोलता येत नाही त्याला, म्हणून असं बोलला. जगासमोर म्हणालास ना, ताईसाठी हाच निवडलाय. ह्यांना दाखवला मी. हे माझ्याशेजारी बसून खेळले, माहितीये? हे! आणि मग रात्रभर आम्ही बोललो. इतक्या वर्षांनी."

आता सांगायला हवं होतं. आत्ता. पण माणसाला कुणी उगाच देव केलं, की खाली उतरायला जिना सापडत नाही, आणि सापडला तरी बरेच जण वरच बसतात. तोही बसला. "हो गं," तो म्हणाला. "म्हटलं, तुला... म्हणजे..."

"एक विचारू? खरं सांग हं. पडदा ओढायच्या आधी पोतं येतं बघ. कुणी न नेलेल्या वस्तू सगळ्या पोत्यात टाकायच्या आणि पोतं भंगारात. तेव्हा तू चष्म्याचं काय केलंस?"

ती जरा पुढे झुकली होती. पाय दुखला असणार, पण तिच्या ते लक्षातही नव्हतं. या एका उत्तरासाठी तिने त्याला बोलावून घेतलं होतं.

पारखीने डोकं चालवलं. बाई रोज येते. नजर चष्म्यावर. मग उघड आहे.

"देऊन टाकला," तो म्हणाला, आवाज थोडा ओला करून. "त्या बाईला. म्हटलं, घेऊन जा, बाई, तुमचाच आहे."

पुढे झुकलेली ताई मागे टेकली. रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली.

"ती घेत नाही," ताई म्हणाली.

"अं?"

"ती चष्मा घेत नाही, ढब्बू. कितीही वेळा पुढे कर. ती म्हणते, इथेच राहू दे, इथे आहे तोवर कुणीतरी न्यायला येईल असं वाटतं. त्याशिवाय तिला दुसरं बोलताच येत नाही. एकतर पोत्यात टाकता येतो, नाहीतर आपल्या खणात लपवता येतो. तिसरं काही नाही त्यात."

पारखी काहीतरी बोलला. ते त्यालाही धड ऐकू आलं नाही. मग तो भडाभडा बोलत सुटला: ती वेगळी प्रत, ते जादा बटण, सगळेच असं करतात, ताई, दर आठवड्याला एक द्यायचा म्हणजे पुरं खेळायला वेळ कुठून आणायचा, शेवट मी बघतो, शेवट बघितल्याशिवाय मी...

"म्हणजे मधलं ढकललंस."

"ताई..."

"आणि माझ्यासाठी नव्हतंच ते." ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. दांडीवरच्या पँटींकडे पाहत होती. "मी वेडी. मला वाटलं, कुणीतरी एकाने तरी..."

वाक्य तिने सोडून दिलं. ती ओरडली असती, टॅब फेकून मारला असता, तर बरं झालं असतं. लहानपणी त्याने काही मोडलं की ती आधी एक रट्टा द्यायची आणि मग स्वतःच सांधत बसायची. आज रट्टाही नाही. त्याला कान, मान, तळहात, सगळं एकदम तापल्यासारखं झालं. इतकी वर्षं बोलवली नाही म्हणून न आलेली लाज आज सगळं बिऱ्हाड घेऊन आली.

तेवढ्यात भाऊजी ट्रे घेऊन बाहेर आले. तीन कप, आणि कपांच्या शेजारी ट्रेमध्येच एक डबी. त्यांनी चहा ठेवला, हात पुसले आणि ताईला विचारलं, "विचारलंस का? काय केलं त्याने?"

पारखीने डोळे मिटले. आता ताई सांगेल. सांगावं तिने. सुटलो.

"लपवला," ताई म्हणाली. "खणात. आपल्यासारखाच."

भाऊजींचा चेहरा असा काही सैलावला की पारखीने तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता. त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला. जड, तेलाचा वास असलेला हात. "चांगलं केलंस," ते म्हणाले. "मला वाटलंच."

पारखीने ताईकडे पाहिलं. तिच्या नजरेत त्याच्यासाठी काडीची माया नव्हती. तिने त्याला वाचवलं नव्हतं. नवऱ्याच्या हाती इतक्या वर्षांनी काही लागलं होतं, ते तिने वाचवलं होतं. आणि आता याला बोंब मारायचीही सोय उरली नव्हती. चॅनलवर जाऊन कबुली दे, रड, माफी माग, लोक वाहवा करतील. पण भाऊजी प्रत्येक व्हिडिओ बघतात. हे खोटं आता त्याला ताईच्या मापाने अंगावर घालायचं होतं, आणि ते कुठेही सैल होणार नव्हतं.

भाऊजींनी डबी उघडली. आत चष्मा होता. खरा. भिंगं धुरकटलेली, दोरी पिवळी पडलेली, एक काडी तारेने बांधलेली.

"काढला कपाटातून," ते म्हणाले. "ही काडी कशी मोडली, आठवतं ना तुला? तू होतास तेव्हा."

ताई बघत होती. खिशात पारखीचा फोन थरथरला. नव्या गेमची प्रत आली असणार, नाहीतर कुणाचा तरी बदाम. मान हलवायला मान तयार होती. वर्षानुवर्षांची सवय. फक्त गंभीर चेहरा करायचा, हो म्हणायचं, चहा संपवायचा आणि जिने उतरायचे.

"नाही," तो म्हणाला. आवाज फाटलेला निघाला. "मला आठवत नाही, भाऊजी. मुंगूसाचं मला फार काही आठवत नाही. मी आठवूच दिलं नाही."

भाऊजी चकित झाले. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"अरे, झालं काय," ते म्हणाले, "त्या दिवशी मी कामावरून आलो, तर हा कपाटावर..."

"तसं नाही," ताई म्हणाली. "त्याच्या आधीपासून सांगा. चष्मा घ्यायला गेलो तिथपासून. मधलं काही सोडू नका."

आणि फोनवर चार शब्दांवर न जाणारा तो माणूस सांगायला लागला. दुकानदार, भिंगांचा नंबर, पोराने आरशात बघून केलेला आरडाओरडा, दोरी कुणी बांधली. ताई मध्येच अडवत होती, दुरुस्त करत होती. फोन पुन्हा थरथरला. पारखीने गुडघ्यांवरचे हात हलवले नाहीत. चहावर साय धरली. ताईने एकदा नजर वळवून पाहिलं, तो ऐकतोय की नाही ते. मग पुन्हा पाहिलं. तिचा विश्वास उरला नव्हता, आणि ती पाहतच राहणार होती.