सुपडूच्या ट्रॉलीचा बिनतारी दिवा

मी एक जुना लाल दिवा आहे. ट्रॅक्टरच्या मागे जी ट्रॉली असते, तिच्या पाठीवर बसणारा. मित्रांनो, तुम्ही नेहमी पुढे बघत जाता. मी मात्र सारा जन्म मागे बघत आलो. सरून गेलेला रस्ता, त्यावर बसत जाणारी धूळ आणि लांबून येणारी मोठमोठी वाहनं एवढंच माझं जग. पण त्या जगात मी जे पाहिलं, त्याचं नवल मला अजून वाटतं.

माझा जन्म चोपड्याच्या बाजारात, इसाकभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. ती गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली. सुपडूआबा नावाचे एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दुकानासमोर आले. त्यांच्या ट्रॉलीला मागे दिवा होता, पण त्याची तार ट्रॅक्टरपर्यंत जायची आणि त्या तारेचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी उंदरांनी ती कुरतडली, कधी कपाशीच्या पऱ्हाट्यांत अडकून तुटली आणि तीनदा तर आबांनी स्वतःच, तार न काढता ट्रॉली सोडून ट्रॅक्टर पुढे नेला.

इसाकभाई हसले. म्हणाले, "आबा, तार तुटते ना? मग तारच नको."

आणि त्यांनी मला घडवायला घेतलं. वनस्पती तुपाच्या लहान डब्याचं माझं अंग झालं. पोटात दोन सेल आणि एक बल्ब बसला. एका बिघडलेल्या स्पीकरचं जाडजूड लोहचुंबक त्यांनी पाठीला लावलं, त्यामुळे मी लोखंडाला असा चिकटायचो की ओढून काढताना माणसाचा घाम निघावा. तोंडावर बसवली लाल काच. ती त्यांनी भुसावळच्या भंगारातून आणली होती.

ट्रॉलीत त्या दिवशी भिकुबाई बसल्या होत्या. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या पुढारी, सगळे त्यांना अक्का म्हणत. मला बघून त्यांनी नाक मुरडलं.

"तार नही, काही नही. हाऊ दिवा शे का डबडं?"

"अक्का, डबड्याला हसा, पण काचेला नको," इसाकभाई म्हणाले. "ही रेल्वेच्या गार्डाच्या दिव्याची काच आहे. गाडी मध्येच बंद पडली की गार्ड खाली उतरतो, हा दिवा घेऊन रुळावरून मागे चालत जातो आणि मागून येणारी गाडी थांबवतो."

"इतली मोठी गाडी इतलीशी काचले घाबरस?"

"घाबरत नाही, अक्का. मानते."

मित्रांनो, मला तोवर स्वतःविषयी काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडावरच्या काचेने आगगाड्या थांबवल्या होत्या! मी आतल्या आत भारावून गेलो. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला, म्हणजे उघडझाप होणाऱ्या लोखंडी दाराला, चिकटून गावाकडे निघालो, तेव्हा मूर्ती लहान पण कीर्ती महान असं मला स्वतःबद्दल वाटू लागलं होतं.

त्या संध्याकाळी आबांनी मला पहिल्यांदा पेटवलं. मागून एक भलाथोरला ट्रक आला. त्याचे दोन डोळे मोठे मोठे होत गेले. मी तर एवढासा. पण माझा लाल उजेड दिसताच त्याने वेग कमी केला आणि बाजूने हळूच निघून गेला. ना मी ओरडलो, ना हात केला. नुसता होतो. एवढ्यावर त्याने माझं ऐकलं, हे कसं, ते मला आजही उमगलेलं नाही.

दोन हंगाम माझं फार कौतुक झालं. मग माझी सवय झाली आणि सवयीची वस्तू कोणाच्या लक्षात राहत नाही. आबांना क्रिकेटचं भारी वेड. त्यांच्या रेडिओलाही माझ्यासारखेच दोन सेल लागत. सामना असला की ते माझं झाकण उघडत, सेल काढून रेडिओत घालत आणि संध्याकाळी परत माझ्या पोटात ठेवत. निदान ठेवायचं ठरलेलं असे.

शहाऐंशीच्या डिसेंबरातला तो दिवस. दिवसभर शेताच्या बांधावर रेडिओवर सामना चालू होता. दिवेलागणीला ट्रॉली कापसाच्या गाठोड्यांनी भरली, त्यांवर बारा बाया बसल्या. मी फाळक्यावर होतो, पण रिकाम्या पोटी. अंधारात डोळे असून बघता येत नाही म्हणजे काय, ते मला त्या वाटेवर कळलं.

शिरपूर रस्त्याच्या वळणावर ट्रॉलीचं डावं चाक निखळलं. ट्रॉली एका अंगाला बसली, गाठोडी मागे घसरली. बाया उड्या मारून उतरल्या. एक उतरू शकली नाही. कुंदाबाईचा पाय फाळका आणि ट्रॉलीच्या मध्ये सापडला होता आणि फाळक्याची कडी गाठोड्यांच्या भाराने घट्ट बसली होती. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "अक्का, मना पाय."

बाया गाठोडी उतरवू लागल्या. पण गाठोडी पुष्कळ होती, वळणावर बाभळींची दाटी होती आणि पलीकडून ट्रकचा आवाज येऊ लागला होता. वळण घेतल्याबरोबर तो थेट आमच्या अंगावर येणार होता. मी तिच्या पायापासून वीतभर अंतरावर होतो. माझं काम होतं ते आणि मी आंधळा होतो.

"सेल, सेल कोठे गयात?" आबा ट्रॅक्टरच्या पेटीत चाचपत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, रेडिओ त्यांच्याच खांद्याला लटकत होता. अक्कांनी तो ओढून घेतला, सेल काढले, माझ्या पोटात कोंबले. दोन्ही एकाच दिशेने गेले, पण सरळ की उलटे, ते बघायला वेळ नव्हता. बल्बाला तरी कुठे त्याचं काही असतं? दिवसभर सामना ऐकवून सेल दमले होते. मी लुकलुकलो आणि पेटलो.

मला वाटलं, अक्का आता मला तसंच सोडतील. पण त्यांनी दोन्ही हातांनी ओढून मला फाळक्यावरून काढलं आणि वळणाकडे धावत सुटल्या. साठीची बाई, पायांत वहाण नाही. तेव्हा मला माझ्या काचेची गोष्ट आठवली. गार्ड दिवा घेऊन मागे चालत जातो.

वळणाच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी मला डोक्यावर धरलं आणि हलवलं. समोरून उजेडाचा डोंगर येत होता. त्यांचा हात खाली आला नाही. ब्रेक करकचले, धुळीचा लोट उठला आणि ट्रक आमच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला. उभाच राहिला, मित्रांनो.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"माई, इसकी तार कहाँ है?"

"तार नही शे, भाऊ," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "तार ऱ्हाती तर हाऊ तठेच अटकता."

मग ड्रायव्हरने पहार आणली, फाळका उचकटला आणि कुंदाबाईचा पाय सुटला. हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. सुपडूआबा रिकामा रेडिओ धरून बाजूला उभे होते. त्या रेडिओसाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी वेगळे सेल आणले.

अक्कांनी तेव्हापासून नियमच केला. त्या मागे येऊन मला बघत आणि म्हणत, "दिवा लाव, मंगच बाया चढतीन." सामना असो नाही तर लग्न असो, त्यात कधी सूट मिळाली नाही.

पुढे आबांनी नवा ट्रॅक्टर घेतला, जुनी ट्रॉली भंगारात गेली. कुंदाबाईने मला मागून घेतलं. कितीतरी वर्षं मी तिच्या घरात धान्याच्या पत्र्याच्या कोठीला चिकटून राहिलो. ती थोडी लंगडत येई, रोज माझी काच पदराने पुसे आणि महिन्यातून एकदा सेल घालून मला पेटवून बघे. नंतर ती दारात उभी राहून रस्त्याने जाणाऱ्या ट्रॉल्यांची पाठ न्याहाळत असे.

मित्रांनो, तुम्हीही एवढं करा. दिव्याच्या पोटातला सेल काढावासा वाटला, तर त्या दिव्याच्या भरवशावर कोण बसलंय ते आधी बघा. आणि ट्रॉलीमागे उजेड नसेल, तर हाक मारायला लाजू नका. पुढे बसलेल्याला मागचं दिसत नसतं.

आज संध्याकाळी ऊसतोडीच्या माणसांची एक ट्रॉली दारावरून चालली होती. मागे मिट्ट काळोख. कुंदाबाई लंगडत रस्त्यावर आली. "भाऊ, थांब. मांगे दिवा नही शे." ट्रॉली थांबली. तिने मला कोठीवरून ओढलं, सेल घातले आणि अनोळखी माणसांच्या फाळक्याला लावून दिलं. "परत आनी दे," एवढंच म्हणाली.

ही सगळी गोष्ट मी तुम्हाला त्याच ट्रॉलीच्या पाठीवरून सांगतो आहे. वर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन पेंगते आहे. लांबून दोन डोळे येताहेत, मोठे होताहेत. माझी काच जुनी आहे, अंगाला गंज आहे.

त्याने वेग कमी केला.