अंजिराच्या पाकाचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने पितळी पातेले आहे. जालन्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि सोनूबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला तिच्यासोबत हसनाबादला पाठवले. माझे बूड चांगले जाड. माझ्यात शिजवलेले सहसा करपत नाही, म्हणून त्या घरात माझे फार कौतुक होते.

घरात दोन भाऊ होते. थोरले रखमाजी, म्हणजे सोनूबाईचे यजमान, आणि धाकटा रामराव. रामरावची बायको पुष्पा अगदी कोवळ्या वयात या घरी आली होती. शेतातल्या विहिरीजवळ अंजिराचे एक झाड होते. दसरा सरून बाजरी खळ्यावर आली की त्याची फळे पिकत. त्या दिवसांतली अंजिरे थोडी आंबटच. पाखरांनी टोचण्याआधी पुष्पा ती तोडून आणी. देठाच्या चिकाने तिची बोटे चुरचुरत, मग सोनूबाई त्यांवर तेल चोळून देई. दोघी जावा चुलीपुढे बसत. चिरलेली अंजिरे माझ्यात पडत, वरून गूळ, शेवटी सुंठ. पाक लालसर होऊन पळीला चिकटू लागला की पुष्पा चाखून बघे आणि म्हणे, "आक्का, अजून जरा आटू द्या." त्या दोघींचे हसणे ऐकत मी मंद आचेवर रटरटत असे.

हैदराबाद संस्थान भारतात आले, त्याच्या पुढच्या वर्षी मोटेच्या पाळीवरून भावाभावांत मोठे भांडण झाले. वाटणी झाली. विहिरीकडचे रान आणि अंजिराचे झाड रामरावला गेले. मी माहेरची वस्तू, म्हणून सोनूबाईकडे राहिले. दोन घरांच्या मध्ये काट्यांचे कुंपण पडले. कुणी कुणाच्या दारात जायचे नाही, असे रखमाजींनी बजावले.

तेव्हापासून अंजिरे झाडाखाली सडू लागली. माझ्यात गुरांची पेंड भिजू लागली. आतली कल्हई झिजली, हिरवे डाग पडले. घरात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, नवी हलकी पातेली आली आणि मी कोपऱ्यात गेले.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या साली पुष्पा आजारी पडली. ताप हटेना. एका सकाळी रामराव उपरण्यात अंजिरे बांधून आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी," तो खाली बघत म्हणाला, "तिच्या तोंडाला चव न्हाई. काहीच खाईना. अंजिराचा पाक मागून राह्यली. तुमच्या हातचाच पायजे म्हणती."

सोनूबाईने नवऱ्याकडे पाहिले. रखमाजी ओसरीवर सुतळी वळत होते. त्यांचे हात थांबले.

"घे ना ते पातेलं," ते म्हणाले. "माझ्याकडं काय बघती?"

सोनूबाईने मला उजेडात नेले आणि आत बघितले. "ह्याच्यात आंबट शिजवलं तर विष व्हईल," ती म्हणाली. तिने निम्मी अंजिरे जर्मनच्या पातेल्यात चढवली, पण त्या पातळ बुडाला पाक करपून कडू झाला. उरलेली अंजिरे तिने ओल्या फडक्यात झाकून ठेवली. कल्हईवाला भोकरदनला बसे. रखमाजींनी बैलगाडी जुंपली आणि मला गोणपाटात गुंडाळून नेले.

"एवढं हिरवं होईस्तोवर काय केलं, पाटील?" कल्हईवाल्याने विचारले.

"भांडत बसलो," रखमाजी म्हणाले. "जल्दी करा, बाबा."

नवसागराचा धूर निघाला, कथील माझ्या अंगावर फिरले आणि मी पुन्हा चांदीसारखे लखलखले. वाटेत रखमाजींनी बैलांना कधी नव्हे ते चाबूक मारला.

दिवेलागणीला आम्ही घरी पोहोचलो. अंजिरे मऊ पडली होती, तरी पाक छान झाला. सोनूबाईने मला गरम असतानाच फडक्यात धरून उचलले. रखमाजींनी हाताने काटे ओढून कुंपणातून वाट केली. पण पलीकडून रामरावच समोर येत होता.

"वैनी," तो म्हणाला, "आता न्हाई लागायचं."

रखमाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सोनूबाई पुष्पाच्या अंगणात मला मांडीशी धरून बसली. माझ्यातला पाक हळूहळू गार झाला आणि वर साय धरावी तसा घट्ट झाला.

ते कुंपण पुन्हा कुणी घातले नाही. दोघे भाऊ पुन्हा एकाच मोटेवर पाळीने जाऊ लागले. पण अंजिरे मात्र माझ्यात पुन्हा शिजली नाहीत. पुढच्या वर्षी ती पिकली तेव्हा सोनूबाईने पुष्पाच्या मागे राहिलेल्या लहानग्या लेकीला जवळ घेतले आणि न शिजवताच एकेक फळ सोलून भरवले.

मित्रांनो, आमची कल्हई वेळच्या वेळी करून घेत जा, आम्हाला कोपऱ्यात टाकू नका. आणि ज्या माणसासाठी काही रांधावेसे वाटते, त्याच्याकडे ते गरम असतानाच घेऊन जा. त्याने मागण्याची वाट बघू नका.