धुक्यातले ऊन

नावेत पुढच्या वाटेकडे तोंड करून बसतो तो एकटा सुकाणूवाला. वल्ही मारणाऱ्यांची पाठ त्या वाटेकडे असते. त्यामुळे समोरचे पाणी आणि सहा मुलींचे चेहरे, दोन्ही हानुसच्याच वाट्याला येत. बोलण्याची त्याला लहानपणापासून धास्ती. बहीण त्याला 'मुक्या' म्हणे, आणि ते नाव गावाने उचलले होते. न बोलणाऱ्याला पाहण्याची सवय जडते. कोणाचा दम कुठे तुटतो, कोण दात आवळते, हे त्याला मुखोद्गत होते.

ती बहीण, रान्वा, त्याच्या अगदी समोरच्या बाकावर बसे. तिच्या वल्ह्याची लय इतर पाचजणी धरत. त्या सकाळी तिचा चेहरा लालबुंद होता.

"उन्हात झोपली होतीस की काय गं?" मागच्या बाकावरून बिरिताने चिडवले, आणि नाव हसली. निघण्यापूर्वी नावघरात रान्वाला उलटी झाली होती. त्या उलटीचा दोष मुलींनी रात्रीच्या सुकवलेल्या मटणावर ढकलला होता. दहा दिवसांवर राजधानीत, तोर्सहाव्हनला, ओलाव्ह सणाची वल्ह्यांची शर्यत. पोटात गोळा येणारच, असेही कोणी म्हणाले.

फ्योर्दच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या चिंचोळ्या खाडीच्या, मध्यावर धुके इतके दाटले की वल्ह्यांची टोकेही दिसेनात. तिथे रान्वाचे वल्हे पहिल्यांदा चुकले, मग पुन्हा चुकले. ती कुडकुडत होती आणि तिच्या ओठांवर घाम होता. हानुसने हात वर करून नाव थांबवली. ती त्याच्यावर खेकसली, पण त्या खेकसण्यात जोर नव्हता. स्वेटरचा गळा सरकला होता, आणि जी जागा लोकरीखाली कायम झाकलेली असते तिथेही कातडी तशीच लाल होती. तळहातही तसेच.

आठवडाभर धुके फ्योर्दमध्ये मुक्काम ठोकून होते. ऊन कुणी पाहिलेच नव्हते.

ज्या गोष्टी घरात पाहूनही न पाहिल्यासारख्या करायच्या असतात, त्या हानुसला त्या क्षणी एकदम आठवल्या. थंड पाण्यात भिजत घातलेले टॉवेल. रात्रीतून चारदा उजळणारा न्हाणीघरातला दिवा. "आपल्या घरात सगळ्यांच्याच अंगावरून असं जातं," हे आईचे ठरलेले वाक्य. आणि गेल्या उन्हाळ्यातली ती शर्यत: जिंकून नाव खांद्यावर घेताना रान्वाची पांढरी चड्डी लाल झालेली, आणि धक्क्यावर अख्खे गाव. त्यानंतर ती जिंकल्याचे कधी बोलली नाही. औषधाच्या दुकानातून मात्र पाळीत आत घालायचे सर्वांत मोठे टॅम्पॉन आणू लागली.

"रान्वा," तो हळूच म्हणाला, "पाळी चालू आहे?"

"गप रे."

"आत किती वेळ आहे?"

तिने डोळे मिटले. "काल सकाळच्या सरावाआधी घातलाय. मोठावाला. आता फारसं जात नाही, पण भीती वाटते ना. रात्री बदलायचा राहूनच गेला."

कोणी हसले नाही. हानुसने रेडिओ उचलला. त्यावर तो रोज दोनच वाक्ये बोले: निघालो, पोहोचलो. फ्योर्दमधली प्रत्येक बोट ती ऐके.

"एक मुलगी आजारी आहे," तो म्हणाला.

बंदरावरचा सामाल म्हातारा खोकला. "उलट्या का? शर्यतीची धडकी, दुसरं काय. धुकं आहे, सावकाश या. घाई नको."

रान्वा पुढे कलली आणि तिचे कपाळ हानुसच्या गुडघ्याला टेकले. कापडातूनही ते भाजत होते. शब्द तेवढे झाकलेले ठेवले तर ती इथेच, या पांढऱ्या अंधारात, निसटून जाईल, हे त्याला लख्ख कळले. त्याने बटण दाबले.

"सामालकाका, उलट्या नुसत्या नाहीत. माझ्या बहिणीच्या आत टॅम्पॉन कालपासून राहिलाय. अंग तापाने फणफणलंय, सगळ्या अंगावर उन्हाने भाजल्यासारखं लाल आलंय, शुद्ध हरपतेय. दवाखान्याला हेच सांगा, असंच सांगा."

त्याने बटण सोडले. हानुसला वाटले, सगळा समुद्र आपल्याकडे वळून पाहतो आहे.

दवाखान्याला फोन लावून झाल्यावर सामालचा आवाज आला, शाळकरी मुलासारखा एकेक शब्द जपत: "डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी तो काढायला सांग. आत्ता, तिथेच. आडवी ठेवा, पाय उंच. क्लाक्सविकच्या दवाखान्यातून गाडी निघाली." त्यापाठोपाठ एका अनोळखी मच्छीमाराचा आवाज: "मी जवळच आहे. शिट्टी वाजवत राहा, पोरांनो."

बिरिताने स्वेटर काढून आडोसा धरला. बाकीच्या पाठमोऱ्या झाल्या. हानुसने धुक्याकडे मान वळवली. सुकाणूवाल्याने चेहऱ्यांवरून नजर काढण्याची ती पहिलीच वेळ. तो छाती फुटेस्तोवर शिट्टी फुंकत राहिला, आणि त्या मच्छीमाराच्या इंजिनाची धडधड कधी डावीकडून, कधी कुठूनच नाही, असे बराच वेळ चालले. "काढलाय," बिरिता म्हणाली. रान्वाचे काही ऐकू आले नाही.

बोटीवर चढवताना तिने डोळे किलकिले केले. "आता सगळ्या फ्योर्दला कळलं, मुक्या."

"कळू दे," तो म्हणाला.

तीन दिवस सलाईन आणि औषधे चालली. पहिल्या रात्री तर डॉक्टरीण खोलीतून हललीच नाही. ताप उतरल्यावर तिने सांगितले की फार वेळ आत राहिलेल्या टॅम्पॉनमध्ये जंतू वाढून त्यांचे विष रक्तात भिनले होते, आणि रान्वाला बजावले की आता टॅम्पॉन नकोच. मग खाटेभोवती उभ्या मुलींकडे ती वळली: लागेल तेवढा लहानच घ्यायचा, चार-सहा तासांत बदलायचा, आठ तासांवर कधीच नाही, झोपताना पॅड. इतके अंगावरून जाणे हा घराण्याचा वारसा नव्हे, त्यावर उपचार असतात, हे मात्र तिने आईकडे पाहून सांगितले. आईने बराच वेळ पर्सचा बंद कुरवाळला आणि स्वतःलाही तपासून घ्यायला वेळ मागून घेतली.

शर्यतीत रान्वाच्या बाकावर दुसरी मुलगी होती. नाव चौथी आली. हानुस धक्क्यावर चढला तेव्हा रान्वा ब्लँकेट पांघरून बसली होती. तिच्या तळहातांची कातडी सोलून निघत होती, वर्षानुवर्षांच्या वल्ह्यांचे घट्टे त्यासोबत चालले होते, आणि खालून तान्ह्या मुलासारखे गुलाबी हात वर येत होते.

"पुन्हा पहिल्यापासून घट्टे पाडावे लागणार," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला. त्या दिवशी धुके नव्हते, आणि दोघांच्याही चेहऱ्यांवर खरे ऊन पडले होते.