तिसऱ्यांदा माहेरी

गीतांजली तिसऱ्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. शहपुऱ्याहून बस धरून ती भर दुपारी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरी पोचली. दार आईनं उघडलं. "पाणी दे," एवढंच गीतांजली म्हणाली.

अंजनीबाईंनी पाणी दिलं आणि लगेच ताट वाढायला घेतलं.

"मी जेवून आली, आई."

संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी दोन घास खाऊन ती उठली आणि बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसली. चौथ्या दिवशी सकाळी तिथेच चक्कर येऊन पडली. कडी आतून लावलेली होती, शेजाऱ्यांना बोलवून दार तोडावं लागलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, गीतांजलीशी एकटीशी बोलल्या आणि मग आईवडिलांना आत बोलावलं. पोटॅशियम इतकं उतरलं होतं की हृदयाला धोका होता. "ही नुसती अशक्तपणाची गोष्ट नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी कित्येक महिने नीट जेवलेली नाही, आणि जेवलेलं पोटात ठेवत नाही. सलाईननं आज बरं वाटेल. पुढचं माझ्या एकटीच्या हातातलं नाही." त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं. वसुधा, समुपदेशक, मदन महल.

"म्हणजे डोक्याचं काही?" अंजनीबाईंनी घाबरून विचारलं.

चिठ्ठी घेतली ती वडिलांनी, शालिग्राम ढोमणेंनी. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला हा माणूस ती चिठ्ठी हातात धरून नुसता उभा राहिला. कारण या आधी दोनदा मुलगी परत आली होती, आणि दोन्ही वेळा तिला शहपुऱ्याला पोचवून आले होते ते स्वतः. पहिल्यांदा लग्नाला आठ महिने झाले होते. "नवराबायकोत होतं असं, चलो, तयार हो," म्हणून ते तिला घेऊन गेले, व्याह्यांकडे चहा घेऊन परतले. दुसऱ्यांदा गीतांजलीनं स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, ते मला जेवू देऊन नाही राहिले." त्यावर ते म्हणाले होते, "अच्छा, पण बारीक व्हायचं तूच म्हणत होती ना?"

मदन महलला जायला त्यांनी स्कूटर काढली. दर मंगळवारी अकरा वाजता तिला आत सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, असं सुरू झालं.

वसुधा पन्नाशीची बाई होती. घराणं जबलपूरचंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्यामुळे मराठीत बोलता बोलता हिंदीत शिरायची आणि पुन्हा मराठीत यायची. पहिल्या दोन भेटींत गीतांजली जवळजवळ गप्पच होती. वसुधानं वजन विचारलं नाही, काय खाल्लं तेही विचारलं नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, "त्या घरात जेवायची वेळ झाली की तुला काय व्हायचं?"

"हात गार पडायचे," गीतांजली म्हणाली. आणि मग थांबत थांबत सांगत गेली.

नवऱ्याचं, शैलेंद्रचं, शहपुऱ्याच्या बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मारझोड करणारा अशी त्याची ख्याती नव्हती, उलट गावात सगळे त्याला शांत म्हणत. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यानं वजनकाटा आणला. रोज सकाळी सासूसमोर तिला त्यावर उभं करायचा. काटा पुढे गेला की त्या दिवशी स्वयंपाकघराची किल्ली त्याच्या खिशात. स्वयंपाक मात्र तिनेच करायचा, त्याच्या देखरेखीखाली. ताटात काय वाढायचं ते तो ठरवायचा आणि तेही पाहुण्यांसमोर हसत हसत उचलून घ्यायचा. "तुझ्याच भल्यासाठी करून राहिलो मी," म्हणायचा. एकदा तिनं ताट घट्ट धरून ठेवलं तर तिचा हात पिरगाळून त्यानं ते भिंतीवर आपटलं. त्यानंतर तिला स्वतःलाच घास नकोसा झाला. मग कधी घरात कोणी नसलं की सापडेल ते भराभर खायचं, आणि त्या शरमेनं सगळं काढून टाकायचं.

"मला वाटायचं माझ्यातच काही तरी घाण आहे," ती म्हणाली.

"तुझं शरीर भीतीत जगत होतं," वसुधा म्हणाली. "भीतीत जे जमलं ते त्यानं केलं. आता त्याला हळूहळू शिकवावं लागेल की ताट समोर आलं म्हणजे धोका आला, असं नाही. वेळ लागेल, बेटा. मी लवकर होईल म्हणणार नाही."

डॉक्टर, आहार सांगणारी एक ताई आणि वसुधा, तिघींनी मिळून ठरवून दिलं. दिवसातून तीन वेळा ठरल्या वेळी जेवण, कोणीतरी सोबत बसायचं, जेवणानंतर अर्धा तास एकटीला सोडायचं नाही, आणि तिच्या ताटाबद्दल, अंगाबद्दल एक शब्दही काढायचा नाही. ऐकायला सोपं होतं. पण तिसऱ्याच दिवशी अंजनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अर्धी पोळी घे ना अजून, बघ कशी दिसून राहिली." गीतांजली ताटावरून उठली ती संध्याकाळपर्यंत खोलीतून बाहेर आली नाही. अंजनीबाई ओट्याशी रडत बसल्या. मुलीला पोटभर जेवायला घालणं एवढंच त्यांना येत होतं, आणि नेमकं तेच आता तोंड मिटून करायचं होतं.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी वसुधानं दार उघडून शालिग्रामना आत बोलावलं. "गीतांजलीला तुम्हाला काही सांगायचं आहे. तिचं होईपर्यंत तुम्ही फक्त ऐकायचं. जमेल?"

ते खुर्चीच्या कडेवर बसले. गीतांजलीनं त्यांच्याकडे न पाहता सुरुवात केली.

"बाबा, मी दोनदा आली होती. दुसऱ्यांदा सगळं सांगितलं होतं. बसमध्ये तुम्ही मला खिडकीजवळ बसवलं, केळी घेऊन दिली. मी ती खाऊ शकत नव्हती आणि तुम्ही पेपर वाचत होता. तिथे पोचल्यावर तुम्ही त्यांना म्हणाले, थोडी हट्टी आहे, सांभाळून घ्या. तुम्ही निघाल्यावर महिनाभर ते तेच वाक्य म्हणायचे. तुझा बापच सांगून गेला, हट्टी आहे."

"गीतू, मला वाटलं की..."

"थांबा," वसुधा म्हणाली. "तिचं होऊ द्या."

"मला त्यांचा राग कमी येतो," गीतांजली म्हणाली. "तुमचा जास्त येतो. काहून की मी तुमच्याकडे आली होती."

शालिग्रामनी चष्मा काढला. "मी चुकलो," ते म्हणाले.

"एवढ्यानं नाही होत, बाबा."

"नाही," ते म्हणाले. "नाहीच होत."

त्या दिवसापासून दुपारच्या जेवणाला तिच्यासोबत अंजनीबाईंऐवजी शालिग्राम बसू लागले. तिच्या ताटाकडे न पाहता आपलं जेवायचे आणि नंतरचा अर्धा तास शब्दकोडं सोडवायचे. एखादा शब्द अडला की तिला विचारायचे. कधी ती उत्तर द्यायची, कधी नाही.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास शैलेंद्र एका काकांना घेऊन दारात उभा राहिला. हातात खोव्याच्या जिलब्यांचा पुडा. वाकून पाया पडला. "बाबा, झालं गेलं विसरा. घर सुनं झालंय. डॉक्टर-बिक्टर काय लागेल ते मी करीन."

काकाही समजुतीचं बोलले. शालिग्राम ऐकत होते. बोलण्यात कुठेही चढा सूर नव्हता, आणि वर्षभरापूर्वी याच बोलण्यावर आपण निश्चिंत झालो होतो, हे त्यांना आठवत होतं. तेवढ्यात आवाज ऐकून गीतांजली आतल्या दाराशी आली. शैलेंद्रनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाला, "भरली जरा, नाही का?"

एवढंच. काका हसले. पण शालिग्रामची नजर मुलीवर होती. तिनं ओढणी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट आवळली, खांदे आत घेतले, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एका क्षणात पुसलं गेलं. मंगळवारच्या खोलीत ऐकलेलं त्यांना आता डोळ्यांनी दिसलं.

ते उठले. "तुम्ही निघा."

"बाबा, मी तर गमतीनं..."

"माझ्या घरात तिच्या अंगाबद्दल कोणी बोलायचं नाही. ती येणार नाही. मी तिला पाठवणार नाही, आणि तिला यायचंही नाही. काकाजी, आप इन्हें ले जाइए. आणि तो पुडाही न्या."

शैलेंद्रचा आवाज तेव्हा पहिल्यांदा बदलला. कोर्टात बघून घेईन म्हणाला. शालिग्रामनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी गीतांजली जेवली आणि न्हाणीघराकडे गेली. खाल्लेलं सगळं पुन्हा काढून टाकलं. फरक इतकाच की या वेळी तिनं कडी लावली नव्हती. आतूनच तिनं हाक मारली, "आई, इकडे ये." अंजनीबाई ओल्या फरशीवर तिच्याजवळ बसल्या, तिचं तोंड पुसलं आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

कोर्टात जायचं मग गीतांजली आणि आईवडिलांनीच ठरवलं. घरगुती हिंसाचाराची तक्रार झाली. वकील यशश्री बोकारे शालिग्रामचं शपथपत्र हिंदीत टाइप करून घेत होत्या. एका परिच्छेदावर त्या थांबल्या. त्यात शालिग्रामनी लिहून आणलं होतं की मुलीनं त्रास सांगूनही मी स्वतः तिला दोन वेळा सासरी नेऊन सोडलं, आणि ती माझी चूक होती.

"सर, हे काढून टाकू. तिकडचा वकील यावरच तुम्हाला धरेल. त्रास होता तर काहून पाठवलं, म्हणेल."

"विचारू दे. मी उत्तर देईन."

"लोकांसमोर लाज जाईल."

"तिनं सांगितलं होतं, हे कुठं तरी लिहिलेलं पाहिजे, मॅडम. तिच्याशिवाय ते फक्त मलाच माहीत आहे."

गीतांजलीनं तो कागद घरी वाचला. तो परिच्छेद दोनदा वाचला. मग कागद वडिलांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "'दो बार' च्या पुढे तारखा टाका. मला आठवतात." आणि तिनं तारखा सांगितल्या, त्यांनी लिहून घेतल्या.

केस अजून चालू आहे. गीतांजली एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. वसुधाकडे आता दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी जाते, ऑटोनं, एकटी. परवाच्या भेटीत वसुधानं विचारलं, कसे गेले पंधरा दिवस?

"दोन दिवस वाईट गेले," ती म्हणाली. "बाकीचे बरे."

"अच्छा. मग त्या दोन दिवसांपासून सुरू करू," वसुधा म्हणाली, आणि गीतांजली सांगू लागली.