सव्वाचारची शिटी

नातीला बंद पडलेला रेल्वेमार्ग, जुनी आगबोट आणि त्या दोघांमधला किनारा दाखवायचा, असं सांगून मी लेकीला गाडी काढायला लावली. ते खरंच होतं. पण माझ्या पिशवीत रेल्वेच्या साहेबांच्या नावानं लिहिलेला एक अर्जही होता, आणि तो पुरा करायला मला बोटीच्या वहीतली एका दिवसाची नोंद हवी होती.

दोन दिवस आम्ही समुद्राच्या कडेनं जात होतो. रस्ता रुळांच्या जुन्या वाटेला धरूनच होता. कुठे खडीचा बांध दिसे, कुठे नुसते पुलाचे खांब पाण्यात उभे असत. मी प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवायला सांगत होतो.

"बाबा, या हिशेबानं आपण पुढच्या वर्षी पोचू," लेक म्हणाली.

"पोचल्यावर परीक्षा आहे का?" नातीनं मागून विचारलं. ती दहा वर्षांची आहे आणि मला पुरतं ओळखून आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांचं स्टेशन आलं. अण्णा म्हणजे माझे वडील, तिथले स्टेशनमास्तर. छप्पर गेलं होतं, फलाटावर कमरेएवढं गवत होतं. समोर टेकडी, आणि टेकडीपलीकडे बोटीचा धक्का. मी नातीला फलाटाच्या कडेला उभं केलं.

"इथून धक्का दिसतो का?"

"नाही."

"मग बोट आली हे कसं कळायचं?"

तिनं थोडा विचार केला. "आवाजानं?"

"बरोबर. बोट तीनदा शिटी द्यायची. सव्वाचारला शिटी ऐकू आली, तर उतारू टेकडी चढून येईपर्यंत गाडी थांबवायची. नाही आली, तर सोडून द्यायची. ऐकायचं कुणी? स्टेशनमास्तरनं."

मग बाकीचंही सांगितलं. एका वादळी दुपारी अण्णांनी शिटी ऐकली आणि गाडी रोखली. चाळीस मिनिटं गेली, टेकडीवरून कुणीही आलं नाही. गाडीत एक बाळंतीण होती, तिला शहरातल्या इस्पितळात नेत होते. ती वाटेतच गेली. चौकशीत बोटवाले म्हणाले, त्या दिवशी बोट आलीच नव्हती. अण्णा म्हणाले, बोट आली, शिटी दिली आणि वाऱ्यामुळे मागे फिरली. त्यांचं कुणी ऐकलं नाही. नोकरी गेली. मरेपर्यंत ते एकच सांगत राहिले, "मी ऐकली." आमच्या घरात ते सगळ्यांनी मानलं. बोटवाल्यांनी अंग काढून घेतलं, असंच आम्ही समजत आलो. अण्णांवरचा ठपका पुसावा, एवढंच माझ्या अर्जात मागितलं होतं.

बोट आता पुढच्या बंदरात कायमची बांधून ठेवली आहे. लोक तिकीट काढून बघतात. तिचा राखणदार पूर्वी तिच्यावरच आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. नातीला त्यानं भट्टीचं दार उघडून दाखवलं, तिच्या हातात फावडं दिलं. ते तिला उचलेना. "आम्ही हे पाळीला आठशे वेळा उचलायचो," तो म्हणाला, "म्हणून तर उंची वाढली नाही." नात हसली.

मी तारीख सांगितली. त्यानं कपाटातून वही काढली, पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली.

बॉयलर विझवून साफसफाई. दिवस सातवा. बोट दूरच्या मुक्कामी.

"थंड बॉयलरवर शिटी वाजत नाही, मास्तर," तो हळूच म्हणाला. मी शाळेत शिकवायचो हे त्याला लेकीनं सांगितलं होतं.

"दुसरी एखादी बोट असेल."

"या पाण्यावर दुसरी नव्हती."

मी ते पान पुन्हा वाचलं. शाई जुनी होती. आधीच्या सहा दिवसांच्या आणि नंतरच्या पाच दिवसांच्या नोंदी त्याच हातच्या होत्या.

राखणदारानं मला बसायला स्टूल दिलं. "आमची पाळी पहाटे चारला बदलायची. घंटा व्हायची. ती घंटा आता वरती काचेच्या पेटीत आहे. तरी मी चारला उठून बसतो. बायको म्हणते, कोण बोलावतंय? मी म्हणतो, घंटा झाली ना."

मग मला आठवलं. नोकरी गेल्यावर आम्ही समुद्रापासून लांब राहायला गेलो होतो. तिथेही अण्णा सव्वाचारला वर्तमानपत्रातून मान वर करत. आई म्हणे, "हो, झाली शिटी." आम्हाला वाटे, त्यांना स्टेशनची आठवण येते. हे मला सगळं माहीत होतं. त्या वादळी दुपारच्या शेजारी मी ते कधी ठेवून पाहिलं नव्हतं.

"म्हणजे पणजोबा खोटं बोलले?" नातीनं विचारलं.

"नाही. त्यांना ऐकू आली होती."

"पण वाजली नव्हती."

"वाजली नव्हती."

"मग त्या बाई?"

"अगं, पुरे," लेक म्हणाली.

"तिनं विचारलंय," मी म्हणालो. "गाडी वेळेवर सुटली असती तर त्या कदाचित वाचल्या असत्या. पणजोबा चुकले. त्यांना कामावरून काढलं, ते बरोबर होतं."

हे वाक्य आमच्या घरातल्या कुणी आजवर उच्चारलं नव्हतं. नातीनं माझा हात धरला.

"नक्कल देऊ का?" राखणदारानं विचारलं.

"अर्ज तर आता द्यायचा नाही ना?" लेक म्हणाली.

"नाही. पण नक्कल द्या."

तो एकेक अक्षर जपून उतरवत होता, तोवर मी डेकवर आलो. कठड्यापलीकडे समुद्र राखाडी आणि शांत होता. मी धाकट्या भावाला फोन लावला. अण्णांची बाजू मांडताना त्यानं आयुष्यभर कितीजणांशी वैर घेतलं आहे.

"मिळाली का नोंद, दादा?"

"मिळाली."

"मग? काय म्हटलंय?"

"तू घरीच थांब," मी म्हणालो. "आम्ही तुझ्याकडेच येतोय. समोर बसून वाचू."