माझ्या दिव्याचे हळदकुंकू

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. आमच्यात एवढ्यात आजोबा होतात! कोलारच्या बाजारात मुनियप्पाअण्णांच्या गाळ्यावर मी टोमॅटो निवडतो. खालून पट्टा सरकतो, वर पांढरा दिवा जळतो आणि मी सांगतो, हा लाल, हा हिरवा. पिकलेले लाल जवळ बेंगळुरूला, कच्चे हिरवे लांब कोलकात्याला. मला शिकवले तेही पांढऱ्या दिव्याखालीच. दुसरा उजेड मला ठाऊकच नाही!

सगळे माझे फार कौतुक करत. त्या कौतुकानेच घात केला. दसऱ्याच्या वेळी यंत्रांची पूजा करतात त्या आयुधपूजेला अण्णांच्या बायकोने, सरोजाक्कांनी, मला झेंडूचा हार घातला आणि भक्तीच्या भरात थेट दिव्याच्या काचेलाच हळदकुंकू थापले.

दुसऱ्या दिवशी उजेड केशरी आणि माझी मती गुंग! हिरवेगार टोमॅटोही मला पिकलेले दिसू लागले. कोलकात्याच्या पेट्या रिकाम्याच. काय बिघडले म्हणून अण्णांनी आत डोके घातले, तर त्यांच्या टकलालाही मी "लाल, मोठा, उत्तम" ठरवून मोकळा!

बाहेर कोलकात्याला जाणारा ट्रकवाला ओरडला, "अण्णा, फेका ते भूत अडगळीत! हातानं निवडा, नाहीतर मी रिकामा निघालो."

अडगळ! मला घाम फुटला असता, पण आम्हाला ती सोय नाही.

तेवढ्यात अण्णांची नजर वर दिव्याकडे गेली. "अगं सरोजा, हे कुंकू पूस आधी!"

"कुंकू पुसू? तुम्ही धडधाकट असताना?"

"बरं, मी पुसतो."

"पुसा की! आणि मग जाऊन बसा भिंतीवरच्या फोटोत!"

अण्णांनी हात झटकन मागे घेतला. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. मी दोघांकडे आशेने बघत होतो. दोघेही केशरीच दिसत होते.

शेवटी अक्कांनी करंडा उघडला, माझ्या लोखंडी पायाला भलेमोठे कुंकू लावले, हात जोडले आणि मग ओल्या फडक्याने काच लख्ख केली. "पुसलं नाही हं," त्या ट्रकवाल्याला दटावून म्हणाल्या, "नुसतं खाली उतरवलं!"

पांढरा उजेड पडला. हिरवे हिरवे दिसले, पेट्या भरल्या, ट्रक निघाला आणि मी गाळ्यावरच राहिलो.

मित्रांनो, मी खोटे बोलत नाही. मला जसे दिसते तसेच मी सांगतो, आणि मला कसे दिसावे हे तुमच्या हातात असते. पूजा जरूर करा, पण अधूनमधून काचेवरून ओले फडकेही फिरवा. खरे सांगू? हारापेक्षा मला त्या फडक्यानेच जास्त बरे वाटते.